मालनची गाडी, मेघनाची गाडी

मालन येलवेला गाडी चालवता येते, हे करी रोडच्या त्या अख्ख्या चाळीला माहीत होतं. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा टॉवरलाही ते कळायला वेळ लागला नाही. कुणाच्या सुनेला कळा सुरू होऊ देत, कुणाचा म्हातारा न्हाणीघरात घसरू दे, पहिला फोन मालनला जायचा. ती परळच्या एका इस्पितळात स्टाफ नर्स होती, त्यामुळे आजारी माणसाला कसं उचलायचं, गाडीत कसं बसवायचं हेही तिच्या हातात बसलेलं होतं. "मालनताई आहे ना," असं लोक सहज म्हणायचे. ते ऐकायला तिला फार आवडायचं, पण हे तिने कधी कुणाला कळू दिलं नाही.

गाडी ती हौसेने शिकली नव्हती. आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा टॅक्सीवाले आईची अवस्था बघून पुढे निघून जायचे. एकदा येताना आईला उलटी झाली आणि टॅक्सीवाल्याने दोघींना भर उन्हात भारतमाता टॉकीजच्या नाक्यावर उतरवलं. त्याच महिन्यात मालनने कुणाकडून तरी वापरलेली, छोटी, पांढरी गाडी घेतली आणि मग ती शिकायला गेली. सगळं जमलं, पण चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढणं काही केल्या जमेना. करी रोडच्या पुलावर गाडी मागे घरंगळायची, मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत खाली उतरायचा, आणि मालनच्या डोळ्यांत पाणी यायचं. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना ती एकटी त्याच पुलावर जात राहिली. एका रविवारी क्लच आणि ॲक्सिलरेटरचा मेळ पायांना आपोआप सापडला आणि गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. त्या दिवशी ती घरी येऊन दोन वेळा जेवली, असं आई पुढे सगळ्यांना सांगायची.

आई गेली. मालनचं लग्न जुळता जुळता राहिलं, ते राहूनच गेलं. घरात ती आणि वडील, कुशाबा. कुशाबा मिलमध्ये सूतखात्यात होते. संपानंतर त्यांनी वॉचमनचं काम केलं, इमारतींना रंग मारले, आणि आता त्यांचे दोन्ही गुडघे पार निकामी झाले होते. शेजारच्या फ्लॅटमध्ये धाकटा भाऊ गौतम, त्याची बायको मेघना आणि त्यांची मुलगी अपूर्वा. चाळीत येलव्यांच्या दोन खोल्या लागून होत्या, म्हणून टॉवरमध्येही दोन फ्लॅट लागून मिळाले. पार्किंग मात्र सगळ्यांना मिळालं नाही. सोसायटीच्या सोडतीत कुशाबांच्या नावाने एक जागा निघाली, तीही गेटच्या बाजूला, जमिनीवरची. तिथे मालनची पांढरी गाडी उभी राहायची. बाकीच्यांच्या गाड्या मागे लोखंडी मजल्यांच्या मशीनवर चढायच्या.

मेघना एका खाजगी बँकेत बरीच वर पोचली होती. घरात ती कुणाशी उंच आवाजात बोलायची नाही. एका संध्याकाळी ती मालनकडे एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक घेऊन आली.

"ताई, आम्ही गाडी घ्यायचं म्हणतोय. तुम्हाला गाड्यांतलं कळतं. जरा बघता?"

गौतमला गाडी चालवता येत नव्हती, शिकायची इच्छाही नव्हती. "चालवणार कोण?" मालनने विचारलं.

"मी. क्लास लावलाय ऑफिसजवळ. आता जमतं बऱ्यापैकी."

मालनने माहितीपत्रक ठेवून घेतलं. चित्रातली गाडी धड जीपही नव्हती आणि धड नेहमीची कारही नव्हती. जमिनीपासून चांगली उंच, चाकं मोठी, पण आत कारसारखी मऊ बैठक. फॅमिली क्रॉसओव्हर म्हणतात तिला, असं मेघनाने सांगितलं होतं. मालन एकेक ओळ वाचत गेली. सहा एअरबॅग. मागे चार बॅगा सहज मावतील एवढी डिकी. काचेचं उघडणारं छप्पर. चारी बाजूंना कॅमेरे, आणि पडद्यावर गाडीचं वरून दिसणारं चित्र, जणू घारीने पाहिल्यासारखं. उन्हाळ्यात पाठीला गार हवा देणाऱ्या पुढच्या सीट. वळणावर गाडी घसरू किंवा कलंडू नये म्हणून चाकांचा ब्रेक आपोआप सांभाळणारी यंत्रणा. हे सगळं तिने शांतपणे वाचलं. मग खालच्या कोपऱ्यात आलं: हिल होल्ड. चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मागे जाणार नाही.

ती ओळ तिने पुन्हा वाचली. तिला पुलावरचे ते रविवार आठवले. इथे ते एका छोट्याशा चौकोनी चित्रात उरकले होते.

"चांगली आहे," दुसऱ्या दिवशी माहितीपत्रक परत देताना ती म्हणाली. "पण एवढी मोठी कशाला? आपल्या गल्ल्यांतून फिरायला लहान गाडीच बरी."

मेघनाने मान हलवली आणि तीच गाडी घेतली. ऑटोमॅटिक, गडद निळी.

गाडी आली त्या दिवशी बिल्डिंगमधली अर्धी माणसं खाली जमली. मेघनाने हार घातला, पेढे वाटले आणि कुशाबांना म्हणाली, "अप्पा, पहिले तुम्ही बसा."

मालन पुढे झाली. अप्पांना गाडीत बसवणं हे तिचंच काम. तिच्या गाडीत त्यांना बसवायचं म्हणजे आधी पाठ आत, मग डोक्यावर हात धरायचा, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. अप्पा दात आवळून घ्यायचे, पण बोलायचे काही नाहीत. आज तिने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. कुशाबांनी दाराची कड धरली, मागे सरकले आणि बसले. सीट त्यांच्या कंबरेच्या उंचीवर होती. वाकायचं नाही, दुमडायचं नाही. एखाद्या खुर्चीत बसावं तसे ते बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं आश्चर्य उमटलं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "ही तर बसायची गाडी आहे."

सगळे हसले. मालनही हसली. पेढा तिच्या तोंडात होता, पण तिला त्याची चव लागली नाही.

त्या दिवसापासून तिला झोपेतून उठल्यासारखं सगळं दिसायला लागलं. मेघना कुठेही गाडी उभी करायची, अगदी चिवडा गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पोंच्या मधेसुद्धा. पडद्यावर बघत, एका हाताने स्टिअरिंग फिरवत. वॉचमन कौतुकाने म्हणायचा, "मॅडम का हाथ क्या साफ है!" मालनला ओरडून सांगावंसं वाटायचं की हात साफ नाही, कॅमेरे आहेत. बिल्डिंगच्या गच्चीवर एकदा कुणीतरी म्हणालं की मेघनाने फार पटकन शिकून घेतलं. मालन म्हणाली, "त्यात शिकायला काय आहे? ती गाडी स्वतःच चालते." बायकांनी वळून पाहिलं आणि मालनला कळलं की आपला आवाज जरा जास्तच चढला होता.

खरा घाव वेगळाच बसला. सातव्या मजल्यावरच्या मनवाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला घरी आणायचं होतं. मालन सुट्टी बघून तयारच होती. फोन आलाच नाही. खिडकीतून पाहिलं तर निळी गाडी गेटमधून आत येत होती आणि मागच्या सीटवर मनवा पाय लांब करून बसली होती. लिफ्टजवळ गाठ पडली तेव्हा मनवा म्हणाली, "अगं, तुला कशाला त्रास द्यायचा म्हटलं. हिच्या गाडीत पाय पसरता येतात ना."

"बरं केलंस," मालन म्हणाली. घरात येऊन तिने आमटी इतकी तिखट केली की कुशाबांना ठसका लागला.

मधे एक गोष्ट मात्र तिच्या मनासारखी झाली. गौतमने मशीनच्या पार्किंगमधली एक जागा शेजाऱ्याकडून भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी मशीनवाल्याने हात वर केला. लोखंडी मजल्याच्या तोंडाशी पिवळ्या पाटीवर लिहिलं होतं, 'फक्त सेडान', म्हणजे कमी उंचीच्याच गाड्या. निळी गाडी छपरालाच अडत होती. एवढं सगळं बघून गाडी घेतली, पण तिची उंची पार्किंगला चालते का हे कुणी पाहिलंच नव्हतं. मालन बाल्कनीतून हे बघत होती. तिने चहा दुसऱ्यांदा गरम केला आणि पुन्हा बाल्कनीत आली.

मेघना गाडी दूर, पुलाखालच्या रस्त्यावर लावू लागली. पंधरवड्यातच डाव्या दारावर कुणीतरी लांबलचक ओरखडा काढला.

तेव्हा गौतम आला. "ताई, एक विचारायचं होतं. तुझी गाडी लहान आहे, ती मशीनवर सहज जाते. तू ती मागे लावलीस आणि खालची जागा आम्हाला दिलीस तर..."

"नाही."

"ऐक तरी."

"माझी ड्युटी असते, गौतम. मला केव्हाही गाडी लागते. मशीन खाली यायची वाट बघत बसू का मी?"

गौतमने अप्पांकडे पाहिलं. कुशाबा टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाले, "जागा माझ्या नावावर असली तरी गाडी तिची आहे. तिला विचार."

गौतम निघून गेला. मालनला माहीत होतं की ती ड्युटीला पायी जाते. तिची गाडी आठवड्यातले बरेच दिवस कव्हर घालून तशीच उभी असते, हे तिला माहीत होतं, गौतमलाही माहीत होतं.

उन्हाळा आला. कोकणात, खेडच्या पुढे कुशाबांचं गाव. तिथला जुना विहार पाडून नवा बांधला होता आणि बुद्धपौर्णिमेला तो खुला होणार होता. जुन्या विहारासाठी कुशाबांनी पोरवयात नदीतून दगड वाहिले होते. त्यांच्याबरोबर दगड वाहणारा रामू तेवढा गावात उरला होता. तो फोनवर रोज विचारायचा, "येतोस ना रे?" कुशाबा ओरडून सांगायचे, "येतोय! सुनेच्या गाडीतून येतोय! राजासारखा!"

हे 'सुनेच्या गाडीतून' मालनला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आजवर गावाला त्यांना तिनेच नेलं होतं. दरवेळी. वडखळला थांबून चहा, महाडला थांबून पाय मोकळे करणं, सगळं तिनेच बसवलेलं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही की तू नेतेस का.

त्या दुपारी ती अप्पांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "अप्पा, गाडी छान आहे, पण उंच आहे ना. उंच गाड्या घाटाच्या वळणावर कलंडतात. शहरात ठीक आहे."

कुशाबांचे पाय एकदम ताठ झाले. पूर्वी कशेडीच्या घाटात लग्नाहून येणारा गावातल्या माणसांचा ट्रक उलटला होता. कुशाबा मागच्या एसटीत होते. दरीत उतरून त्यांनी माणसं वर काढली होती. त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत, पण घाट आला की अजूनही खिडकीची कड घट्ट धरायचे. मालनला हे माहीत होतं. आणि माहितीपत्रकातली ती कलंडू न देणारी यंत्रणाही तिला चांगली आठवत होती.

"खरंच कलंडतात?" त्यांनी विचारलं.

"मी आपलं सांगितलं," ती म्हणाली आणि तेलाची बाटली बंद केली.

तिला वाटलं होतं, अप्पा म्हणतील, मग तूच ने. अप्पा तसं काहीच म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी रामूचा फोन आला तेव्हा कुशाबा हळू आवाजात म्हणाले, "नाय जमायचं रे. तब्येत बरी नाही."

"का नाही जमायचं?" मालन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी नेते की तुम्हाला."

"तुझ्या गाडीत आता गुडघे आत जात नाहीत गं माले. आणि तिच्या गाडीत मला भ्या वाटतं." ते मनात काही न ठेवता बोलले. "राहू दे. फोटो बघू मोबाइलवर."

खास त्या दिवसासाठी त्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून आणला होता. मालनच्या देखत त्यांनी तो कपाटातून काढला, उगाच झटकला, पुन्हा त्याची घडी घातली आणि तो खालच्या खणात, जुन्या चादरींच्या खाली ठेवून दिला.

त्यानंतर तिला घरात बसवेना. ती खाली गेली, आपल्या गाडीत जाऊन बसली, परत वर आली. कुशाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अप्पा, मी खोटं बोलले."

ते वळले नाहीत.

"गाडी कलंडत नाही. ती कलंडू नये म्हणून तिच्यात सोय आहे. मला ठाऊक होतं. तरी मी तसं बोलले."

कुशाबा हळूहळू उठून बसले. "तो ट्रक मी डोळ्यांनी बघितलाय, हे तुला माहिती आहे ना?"

"हो."

"आणि तेच काढलंस. म्हाताऱ्या माणसाला घाबरवायला काय लागतं? त्या पोरीने तुझं काय वाकडं केलंय?"

मालन खाली बसली. "काही नाही. मनवा तिला फोन करते. तुम्ही तिच्या गाडीत बसता. माझ्याकडे कुणाचं कामच राहिलं नाही, अप्पा." मग तिला दुसरं काहीतरी सुचलं आणि तिचा स्वर बदलला. "माझ्या गाडीत एवढा त्रास व्हायचा तर कधी सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तू दार धरून उभी असायचीस."

कुशाबांनी तिची समजूत काढली नाही. "हे मेघनाला तू सांगायचंस. मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही."

मेघना ऑफिसातून आली होती, पर्ससुद्धा खांद्यावरच होती. मालनने दारातच सगळं सांगून टाकलं. मेघनाचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

"ताई, गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी सगळ्यांत पहिल्यांदा तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला नको वाटत होती तर तोंडावर सांगायचं. अप्पांना मधे का घातलंत?"

"चुकलं माझं."

मेघनाने दार लावून घेतलं. रात्री गौतमचा फोनवर निरोप आला की शनिवारी पहाटे निघायचं आहे, अप्पांना तयार ठेव, आणि मेघना म्हणतेय तूही ये.

मेघना पुढे चालवायला, तिच्या बाजूला कुशाबा, मागे गौतम, अपूर्वा आणि मालन. मालन कधी मागच्या सीटवर बसलीच नव्हती. तिला बाहेरचा रस्ता अर्धाच दिसत होता. कुशाबांच्या पाठीला गार हवा लागत होती आणि ते मधेच "आहाहा" करत होते. वडखळला चहा झाला. महाडला मालन सवयीने आधी उतरली, पण ती पुढचं दार उघडेपर्यंत कुशाबा काठी टेकत स्वतःच खाली उतरले होते.

पोलादपूरच्या पुढे कशेडीच्या बोगद्याच्या तोंडाशी एक कंटेनर बंद पडला होता आणि गाड्या जुन्या घाटाने सोडत होते. कुशाबांनी खिडकीची कड धरली. मेघनाने पाहिलं आणि वेग कमी केला. अर्ध्या चढावर रांग थांबली. पुढे काळा धूर सोडणारा ट्रक, मागे एसटी अगदी चिकटून, बाजूला दरी.

मालनचा डावा पाय गाडीच्या जमिनीवर क्लच शोधत होता. उजवी टाच दाबली गेली होती. आता ट्रक हलेल, ही ब्रेक सोडेल, गाडी मागे येईल आणि ही घाबरेल. मालन त्या क्षणाची वाट बघत होती. अप्पा गाडीत होते, अपूर्वा गाडीत होती, आणि तरीसुद्धा ती वाट बघत होती. ट्रक हलला. मेघनाने ब्रेकवरून पाय काढला. गाडी इंचभरही मागे आली नाही. शांतपणे पुढे निघाली. वळणावर ती जमिनीला धरून वळली. मेघनाने पाण्याची बाटली मागितली, दोन घोट घेतले आणि परत दिली. ती बाटली मालनच्या हातात आली. ती तशीच धरून ती बाहेर बघत राहिली. हिचं काही चुकावं असं आपल्याला इतकं मनापासून वाटलं, याची तिला स्वतःलाच भीती वाटली.

गावात रामू वेशीपर्यंत चालत आला होता. दोन म्हातारे एकमेकांचे दंड धरून उभे राहिले. कुशाबांनी तो पांढरा सदरा घातला होता. नव्या विहाराच्या पायथ्याला जुन्या बांधकामाचे काही दगड तसेच ठेवले होते. रामू सांगत होता, हा तुझा, हा माझा. कुशाबा म्हणाले, "खोटं बोलतोस. तू तर लहान लहान दगड उचलायचास." वंदना झाली, लहान मुलींनी गाणं म्हटलं, खिरीच्या पंगती उठल्या. मालन खीर वाढत फिरली. गावातल्या बायका विचारत होत्या, "बाय, गाडी तुझी का?" ती म्हणत होती, "नाही, भावजयीची." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडली, नंतर नंतर सवय झाली.

परतताना रविवारी दुपारी, माणगावच्या अलीकडे, मेघनाने गाडी बाजूला घेतली. "ताई, डोळे जड झालेत. थोडा वेळ तुम्ही चालवता?"

याचीच तर मालन दोन दिवस वाट बघत होती. ती पुढे जाऊन बसली. सीट वर घेतली, आरसे लावले, स्टिअरिंगवर हात फिरवला. गाडी लोण्यासारखी निघाली. पुढे एक गाव आलं, रस्त्यावर गतिरोधक दिसला. इतक्या वर्षांची सवय. वेग कमी करायचा म्हणून डाव्या पायाने क्लच जोरात दाबला. या गाडीत क्लच नव्हताच. तिथे रुंद ब्रेक होता.

गाडी भिंतीवर आदळल्यासारखी थांबली. पट्ट्याने कुशाबांना धरून ठेवलं. अपूर्वाच्या मांडीवरचा खिरीचा डबा उडाला, झाकण गेलं एकीकडे आणि खीर गेली दुसरीकडे: मेघनाच्या साडीवर, गौतमच्या चष्म्यावर आणि नव्या कोऱ्या सीटभर. मागचा टेम्पोवाला शिव्या देत बाजूने निघून गेला.

मालनने कशीबशी गाडी कडेला घेतली. "अप्पा, लागलं का?"

"मला नाही. खिरीला लागलं."

मालनला वाटलं, आता मेघना बोलेल, आणि बोलावंच. मेघना साडीवरचे शेवयांचे तुकडे निपटत होती. तिने गौतमकडे पाहिलं, त्याच्या चष्म्यावरून खीर ओघळत होती, आणि तिला हसू फुटलं. ते थांबेचना.

"मी पण असंच केलं होतं," ती हसता हसता म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. क्लासची गाडी क्लचवाली होती ना."

"माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं," गौतम म्हणाला. "तुला सांगितलं, कपाटाचं दार लागलं म्हणून."

"मला का नाही सांगितलं?" मालनने विचारलं.

मेघनाचं हसू ओसरलं. "तुम्हाला? तुम्ही बाल्कनीतून बघत असायचात, ताई. मला वाटायचं माझी एक चूक झाली की तुम्हाला बरं वाटेल."

मालनने ते नाकारलं नाही. मेघना उतरून पुढच्या दाराशी आली, वाकली आणि म्हणाली, "डावा पाय पार मागे घ्या, सीटच्या खाली. तो पाय आज नाहीच असं समजा." मालनने पाय मागे घेतला. पनवेलपर्यंत गाडी तिने चालवली आणि मेघना अधूनमधून मागून म्हणत राहिली, "पाय, ताई." प्रत्येक वेळी मालनला राग यायचा आणि प्रत्येक वेळी पाय खरोखरच पुढे सरकलेला असायचा.

सोमवारी ड्युटीवरून आल्यावर मालनने आपल्या गाडीचं कव्हर काढलं आणि ती मागे मशीनपाशी नेली. मशीनवाल्याने बटण दाबलं. पांढरी गाडी कुरकुरत वर गेली आणि दोन लोखंडी तुळयांच्या मधे जाऊन थांबली. संध्याकाळी गेटजवळच्या जागेत निळी गाडी उभी होती. तिच्यासाठी जागा जरा अपुरीच पडत होती. ते बघून मालनला थोडं बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिने स्वतःपासून लपवलं नाही.

एकदम सगळं गोड झालं असं नाही. मनवा अजूनही मेघनालाच फोन करायची. मेघना मीटिंगमध्ये असली की मालनच्या दारावरची बेल वाजायची आणि "तुम्ही जाता का ताई?" म्हणून गाडीची किल्ली पुढे यायची. मालन किल्ली घ्यायची, पण जाताना एखादा टोमणा मारल्याशिवाय तिला राहवायचं नाही: टायरात हवा कमी आहे, काच पुसलेली नाही, एवढी मोठी गाडी घेऊन आत चिप्सचा चुरा. मेघना ऐकून घ्यायची. कधी ती उलट म्हणायची, "पाय, ताई," आणि मालन तोंड वळवून लिफ्टमध्ये शिरायची.

श्रावणातल्या एका दुपारी पाऊस उघडला होता. कुशाबांना माहीमची खाडी बघावीशी वाटली. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी ते मालनच्या आईला घेऊन तिथे जायचे. मेघना ऑफिसात होती. मालनने किल्ली घेतली. दादर मागे टाकून, गर्दीतून वाट काढत ते कोळीवाड्याच्या बाजूला पोचले. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होत्या, जाळी वाळत होती. मालनने पाणी दिसेल अशी गाडी लावली.

कुशाबा पाय पसरून बसले होते. "मेघना असली की गाणी लावते," ते म्हणाले.

मालनने पडद्याकडे पाहिलं. त्यावर इतकी चित्रं होती. एक दाबलं तर कॅमेरा सुरू झाला आणि गाडी वरून दिसायला लागली. दुसरं दाबलं तर तिच्या पाठीला गार हवा लागली. तिसऱ्यावर कुणाचा तरी नंबर आला, तो तिने घाईघाईने बंद केला. मेघनाला फोन करून विचारता आलं असतं. तिने केला नाही. शेवटी कुठूनतरी आकाशवाणी लागली. एक बाई संथ आवाजात बातम्या वाचत होती.

"गाणी नाहीत?" कुशाबांनी विचारलं.

"बातम्या आहेत. ऐका."

"बरं."

भाताच्या लागवडीचं काय झालं, कुठल्या धरणात किती पाणी आलं, हे सगळं त्या बाईने सांगितलं. कुशाबा मन लावून ऐकत होते. खाडीवरून वारा येत होता म्हणून मालनने काच खाली घेतली, आणि बातम्या संपल्यावरही दोघं तिथेच बसून राहिले.